बियांनाच कीड लागली तो मंगळवार

सव्वीस वर्षं मी लोकांच्या दाढेतली कीड काढली, आणि त्या सव्वीस वर्षांत एक गोष्ट कुणाला म्हणून सांगितली नाही. लक्ष्मीआईच्या ओट्यावर हात ठेवून ती मी मागेच बोलून टाकली आहे, त्यामुळे आता कागदावर उतरवायला भीती वाटत नाही. लाज थोडी वाटते, ती वाटू दे.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला. पेरूची बाग, थोडा ऊस, आणि घरासमोर लिंबाखाली लक्ष्मीआईचं ठाणं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, मंगळवारी आणि शुक्रवारी त्या ठाण्यापुढे बसून दाढेची कीड काढायच्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. परातीत पाणी घ्यायचं, मधे वीट, विटेवर तापवून लाल केलेलं खापर. खापरावर तेलात कालवलेल्या रिंगणीच्या बिया टाकायच्या. रिंगणी म्हणजे बांधावर उगवणारं ते काटेरी झुडूप, पिवळ्या फळांचं. धूर उठला की भोक पाडलेलं मडकं वर पालथं घालायचं, भोकात नळी बसवायची, नळीचं तोंड दुखऱ्या दाढेशी आणि माणसाच्या डोक्यावरून घोंगडं. माणूस धूर घेतो, खोकतो, लाळ गाळतो. थोड्या वेळाने मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर बारीक पांढऱ्या किडी तरंगत असतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दुखणंही थांबतं, दोन दिवस म्हणा, चार दिवस म्हणा.

आत्या थकल्या तेव्हा त्यांनी हे सगळं माझ्या ओटीत घातलं, आणि त्याच दिवशी कानाशी तोंड आणून सांगितलं, "ह्या किडी बियांच्या पोटातल्या हायत, दाढंतल्या न्हाईत. पर दुखणं थांबतं, ते आईमुळं. लई खोलात जाऊ नगंस." मी दहावी पास झालेली बाई. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना बिया नुसत्याच खापरावर टाकून पाहिल्या. माणूस नाही, दाढ नाही, तरी पाण्यावर किडी तरंगल्याच.

तरी मी बसले. का बसले ते खरं सांगायचं तर मान मिळत होता म्हणून. इंदापुराहून, बारामतीहून लोक यायचे. सांगवीहून माझ्या माहेरची माणसं यायची, माळेगावच्या कारखान्यावरचे ड्रायव्हर ट्रॅक्टर रस्त्याला लावून गाल धरत यायचे. मी कुणाकडून पैसा घेतला नाही, आईला नारळ एवढंच. बायका माझ्या पाया पडायच्या. गर्व होता मला, आणि त्या गर्वाखाली ही गोष्ट चांगली दाबून बसवली होती.

एकदाच ती वर आली. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई तीन शुक्रवार लागोपाठ आली होती. तंबाखूची मिश्री लावायची, खालच्या हिरडीला दुखायचं. तिन्ही वेळा मी धूर दिला, तिन्ही वेळा ती हसत गेली. वर्षाच्या आत ती गेली आणि मातीला आलेल्या बायका कॅन्सर कॅन्सर म्हणून कुजबुजत होत्या. मी दोन दिवस जेवले नाही. पण पुढच्या मंगळवारी अंगणात माणसं बसलेली पाहिली आणि मी परात काढली. आईनं मला त्याबद्दल माफ केलं असेल, मी स्वतःला अजून केलेलं नाही.

आता आमच्या मालकांबद्दल. ते इंदापूरच्या मार्केटात डाळिंबाचा आणि पेरूचा लिलाव पुकारायचे. आवाज असा की पहिल्या गाळ्यावर बोली लावली तर शेवटच्या गाळ्यावरचा हमाल मान वर करून बघायचा. डाव्या गालात तंबाखूची गोळी, उजवीकडून पुकारा. तंबाखूवरून मी किती डोकं फोडलं असेल त्याला गणती नाही. पण माझ्या सेवेचा त्यांना भारी अभिमान. मार्केटात कुणी गाल धरलेला दिसला की हे सांगायचे, आमच्या घरात या, आमच्या मंडळींच्या हाताला आई आहे. असं बोलताना त्यांची छाती फुगायची, आणि ते ऐकताना माझी मान खाली जायची. त्यांना वाटायचं मी लाजतेय.

त्यांचीच डावी खालची दाढ हलायला लागली तेव्हा ते डॉक्टरकडे गेले नाहीत. मी दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाले, घरात देवी असताना दवाखान्याच्या पायऱ्या कशाला चढू, लोक काय म्हणतील. मग काय, तीन मंगळवार त्यांना मी धूर दिला. घोंगड्याखाली ते खोकत होते आणि मी परातीकडे बघत होते. तिन्ही वेळा किडी निघाल्या, तिन्ही वेळा ते म्हणाले, आता हलकं वाटतंय.

चौथ्या मंगळवारी सकाळी मी बियांचा डबा उघडला. वरची बी उचलली तर ती भुगा होऊन बोटाला लागली. डबा उपडा केला. सगळ्या बिया पोखरलेल्या, आणि त्यातून चांगल्या जिवंत, वळवळणाऱ्या अळ्या कागदावर चालायला लागल्या. कीड काढायच्या बियांनाच कीड लागली होती. मला हसूच आलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, डबा तोच, जागा तीच, आत लिंबाचा पालाही तोच. ताज्या बिया आणाव्यात तर कॅनॉलच्या भरावावर त्या वर्षी तणनाशक मारलेलं, रिंगणीचं एक झुडूप उभं नव्हतं.

मालक अंगणात बसून वाट बघत होते. ऊन चांगलं वर आलं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, आ करा, नुसती बघते तरी. खरं सांगते, सव्वीस वर्षांत मी कुणाच्या तोंडात नीट बघितलंच नव्हतं. धूर असायचा, घोंगडं असायचं, माझं लक्ष परातीवर. त्या दिवशी मी त्यांचं तोंड उन्हाकडे वळवलं, गाल बोटाने बाजूला ओढला आणि बघितलं.

दाढ पांढरी स्वच्छ होती, तिला साधी कीडसुद्धा नव्हती. पण बोट लावलं तर सैल खुंटीसारखी हलत होती. तिच्या बाहेरच्या अंगाला, हिरडी आणि गाल जिथे भेटतात तिथे, जिथे गोळी ठेवायचे बरोबर तिथे, एक चट्टा होता. कडेने पांढरा, मधे लाल आणि खोल. काठ हाताला कडक लागत होते. मी विचारलं दुखतंय का, तर म्हणाले, तिथं न्हाय. मला ती पलीकडची बाई आठवली आणि मी बोट काढून मागे सरले.

त्यांना वाटलं बिया नाहीत म्हणून मी घाबरले. म्हणाले, सांगवीला भावाला फोन कर, तितल्या वढ्याला रिंगणी असंल, पुढच्या मंगळवारपर्यंत आणून देईल. आणि मला दिसलं की माझा नवरा माझ्याच खोट्यावर विश्वास ठेवून आणखी एक मंगळवार थांबणार, मग आणखी एक. जीव जायची वेळ आली तरी थांबतील, कारण त्यांच्या घरात देवी आहे.

मी त्यांचा हात धरून त्यांना लक्ष्मीआईच्या ओट्यापाशी नेलं, हात ओट्यावर ठेवला आणि बोलून टाकलं. किडी बियांच्या आहेत. आत्यांनी मला सांगितलं होतं. मी स्वतः बघितलंय. तुमच्या दाढेत कीड नव्हती, कुणाच्याच नव्हती. तोंडात जे आहे ते वेगळं आहे आणि त्याला माझ्याकडे काही नाही. आईला माझी जीभ झडवायची असेल तर झडवू दे, पण तुम्ही आत्ताच्या आत्ता बारामतीला चला.

ते ओट्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील, नाहीतर लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस म्हणतील. त्यांनी तोंडातली गोळी थुंकली, चूळ भरली, टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही कधी गेलो नव्हतो. माणसांचा समुद्र. मुखरोग कुठे, दात कुठे, केसपेपर कुठे, काही उमगेना. दोन रांगांत उभे राहून दोन्ही चुकीच्या निघाल्या. मालकांनी तिसऱ्या रांगेपाशी येऊन बाकावर बसकण मारली आणि म्हणाले, आज राहू दे, पुढल्या आठवड्यात येऊ. हा माणूस आज उठून घरी गेला तर परत यायचा नाही हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, गळ्यात पंचा. चेहऱ्याची एक बाजू खाली दबलेली, हनुवटी तिरकी, मानेवर लांब व्रण. मालक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्या गृहस्थांनी मालकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओघळत्या शब्दांत विचारलं, "तंबाखू का?" मालकांनी मान हलवली. मग त्यांनी, ओळख ना पाळख, सगळ्या लोकांत स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. आत एका बाजूला दात नव्हते, हाड नव्हतं, दुसरीकडून आणून लावलेली कातडी होती, तिच्यावर बारीक केसही होते. म्हणाले, "आठ वर्सं झाली. जेवतो, नातवंडांवर वरडतो. मी उशिरा आलो म्हणून एवढं कापावं लागलं. तुमी आज आलाय, आजच दाखवा."

त्यांनीच केसपेपर काढून दिला, जिन्यावरून वर नेलं, दारातल्या बाईंशी बोलून आम्हाला आत बसवलं. मी मागे वळून हात जोडले तेव्हा ते जिन्याकडे गेले होते. पुढे कितीदा गेलो, दरवेळी मी त्या बाकाकडे बघायची. दारातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, असे बरे झालेले पुष्कळ येतात हो, कुणाकुणाला लक्षात ठेवणार. असेलही तसंच. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही, रोज दिवा लावताना त्यांचं तोंड आठवते एवढंच.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मालकांना तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गाल ओढून, आरसा घालून, बोटाने चाचपून त्यांनी सगळं तोंड बघितलं, मग जबड्याखाली आणि मानेत गाठी शोधल्या. फोटो काढला. चट्ट्याचा एक तुकडा काढून तपासायला पाठवायचा ठरलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, काकू, हे पहिल्यांदा कुणी बघितलं? मी म्हटलं, मी. जिथे बोट ठेवलं होतं ती जागा, कडक काठ, दुखत नाही, दात चांगला असून हलतो, सगळं सांगितलं. त्यांनी ते सगळं केसपेपरवर लिहिलं. म्हणाल्या, "काकू, लोक हे दिसूनही महिनोन् महिने अंगावर काढतात. तुम्ही वेळेत आणलंत." बाहेर येऊन मी जिन्यावर बसून पोटभर रडले.

तुकड्याचा निकाल आला, मला वाटलं होतं तेच निघालं. ऑपरेशन पुण्याला झालं. चट्टा गालासकट काढला, खालच्या हाडाची वरची कड घासून काढली, बाकीचं हाड वाचलं. मानेतल्या गाठी काढल्या, छातीची कातडी गालाला आतून लावली. पुढे लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागली, तोंड आतून सोलून निघालं, दोन महिने नाकातल्या नळीवर काढले. आणि तोंड उघडेना. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगितल्या होत्या, रोज जमेल तशी एक वाढवायची. हे रागाने काड्या फेकायचे, मी उचलून धुऊन परत हातात द्यायची. ज्या दिवशी अकरावी काडी आत गेली त्या दिवशी मी वस्तीवर सगळ्यांना पेरू वाटले. नवऱ्याच्या तोंडात काड्या मावल्या म्हणून पेरू वाटणारी बाई तालुक्यात मी एकटीच असेन.

बोलणं परत आलं, पण पुकारा गेला. शब्दांच्या कडा विरघळतात. मार्केटात ते आता वजनाच्या चिठ्ठ्या लिहितात. एवढा आवाज गेला, त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटतच राहणार.

दरम्यान डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून मी शिकून घेतलं. त्या तपासत असताना शेजारी उभी राहायची. पंधरा दिवसांत न भरलेला फोड, पुसून न जाणारा पांढरा-लाल डाग, कारण नसताना हलणारा दात, तीन बोटं न जाणारं तोंड, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. त्यांनी मला एक बॅटरी दिली आणि हातमोजे. पण अंगणात बसायच्या आधी मला एक काम करायचं होतं, आणि ते पुढे ढकलत मी चार आठवडे घालवले.

शेवटी एका मंगळवारी, आठ-दहा माणसं गाल धरून बसली होती, तेव्हा मी उभी राहिले आणि ओट्यावर हात ठेवून सगळ्यांना तेच सांगितलं जे मालकांना सांगितलं होतं. किडी बियांच्या होत्या. मी आता कीड काढणार नाही. तोंड बघेन, आणि गरज असेल तर दवाखान्यात पाठवेन. मग सांगवीचे एक आबा उठले. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, माझ्याकडे किती वर्षं येत होते. म्हणाले, "म्हंजी एवढी वर्सं आमाला फशिवलंस व्हय गं?" मी म्हटलं, व्हय आबा. दुसरं काय म्हणणार. त्यांनी ओट्यावरचा आपला नारळ उचलून पिशवीत घातला आणि चालायला लागले.

ओसरीवर मालक बसले होते. ते उठून आले, आबांच्या आडवे उभे राहिले, व्रण झाकायला गळ्याला बांधलेला रुमाल सोडला आणि तोंड उघडलं. उन्हाकडे करून, सगळ्यांना दिसेल असं, त्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी उघडलं होतं तसं. मग ओघळत्या शब्दांत म्हणाले, "तिनं बघितलं म्हणून हुबा हाय मी. बसा आबा. आ करा."

आबा बसले. रागातच बसले, पण बसले. मी त्यांच्या तोंडात बॅटरी मारली. साधी किडलेली दाढ होती, दुसरं काही नाही. त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ते माझ्यावरच खेकसले. नारळ मात्र पुन्हा ओट्यावर ठेवून गेले. त्या दिवशी आलेल्यांपैकी दोन बायका परत आल्या नाहीत, आणि बाहेर माझ्याबद्दल काय काय बोलतात तेही कानावर येतं. बोलू देत, त्यांचा हक्क आहे.

संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, एक विचारू का, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला राग नाही आला? त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अगं, लहानपणी आईला बिया मीच गोळा करून द्यायचो. दगडाव ठेचल्या की आतनं तसलंच पांढरं निगायचं. मला ठावं नव्हतं व्हय?"

मग तीन मंगळवार नळी तोंडात धरून का बसलात, मी विचारलं.

"भ्या वाटत हुतं," ते म्हणाले. "तू कीड हाय म्हणलीस की दुसरं काय न्हाय असं वाटायचं."

ज्या माणसापुढे खरं बोलायला मी जन्मभर घाबरले, तो माणूस माझ्या खोट्याच्या आडोशाला लपून बसला होता. आम्ही दोघं हसलो की रडलो ते आता सांगता येत नाही. मला आधी वाटायचं, आईच्या चरणी जायचं म्हणजे नारळ, ओटी, सेवा, नेम घेऊन जायचं. आईनं माझ्याकडून त्यातलं काहीच घेतलं नाही. जे मी तिच्यापासूनसुद्धा झाकून ठेवलं होतं तेवढंच तिनं मागितलं, आणि ते दिल्यावर माझं कुंकू मला परत केलं. तिचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अंगणात बसते, माणसांना उन्हाकडे तोंड करायला सांगते आणि नीट बघते. शेजारी मालक बसतात. ज्याच्या गालात गोळी दिसेल त्याला ते काही बोलत नाहीत, नुसता रुमाल सोडतात.